ॲपचे कंपोनंट तपासणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं: आउटपुटपासून सुरुवात करा

अँड्रॉइड ॲपच्या आत कुठल्या ॲक्टिव्हिटी आहेत, कुठल्या सर्व्हिस आहेत, बाहेरून कशाला हात लावता येतो, हे काढून दाखवणारं टूल बरेच डेव्हलपर लिहितात. पण त्याचं डॉक्युमेंटेशन उघडलं की बहुतेक वेळा एवढंच सापडतं: इन्स्टॉल असं करा, ही कमांड चालवा, आणि खाली फ्लॅगांची (कमांडला जोडायच्या पर्यायांची) लांबलचक यादी. वाचणारा कमांड चालवतो, स्क्रीनवर शेकडो ओळी येतात, त्यातल्या कित्येक ओळींपुढे 'एक्सपोर्टेड: हो' (म्हणजे दुसऱ्या ॲपला हे बोलावता येतं) असतं आणि तो तिथेच थांबतो. आता हे वाईट आहे का? सगळं वाईट आहे का? यातलं मी लिहिलेलं कुठलं आणि लायब्ररीने आणलेलं कुठलं? या प्रश्नांची उत्तरं डॉक्युमेंटेशनमध्ये नसतील तर टूल कितीही चांगलं असो, माणूस एकतर घाबरून चुकीचा रिपोर्ट लिहितो नाहीतर सगळं दुर्लक्षित करून बंद करतो, आणि सिक्युरिटीच्या कामात दोन्ही महागात पडतं.

म्हणून माझं म्हणणं असं की अशा टूलचं डॉक्युमेंटेशन कमांडपासून नाही, आउटपुटपासून लिहायला घ्या. स्क्रीनवर दिसणारी एकेक ओळ धरा, तिचा अर्थ काय, ती कुठून आली आणि तिच्यावरून काय ठरवता येत नाही ते आधी लिहा. कमांड, फ्लॅग, इन्स्टॉलेशन हे सगळं त्यानंतर, आणि ते तसं लवकर होतं.

उदाहरणासाठी आपण धरून चालू की टूलचं नाव 'झडती' आहे, कमांड लाइनवर चालतं, एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप जिच्यातून इन्स्टॉल होतं ती) दिली तर ती वाचतं आणि फोन जोडलेला असेल तर फोनमधल्या ॲपचीही माहिती काढतं. तुमचं टूल स्वतःच एक ॲप असेल किंवा ब्राउझरमध्ये उघडत असेल तरी पुढचं जवळजवळ सगळं लागू होतं.

सगळ्यात आधी: टूल नक्की काय बघतं ते एका परिच्छेदात

पहिल्या पानावर, इन्स्टॉलेशनच्याही वर, हा परिच्छेद हवाच. अँड्रॉइडमध्ये कंपोनंट चार प्रकारचे: ॲक्टिव्हिटी म्हणजे स्क्रीन, सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालणारं काम, ब्रॉडकास्ट रिसीव्हर म्हणजे सिस्टमच्या किंवा दुसऱ्या ॲपच्या सूचना ऐकणारा, आणि कंटेंट प्रोव्हायडर म्हणजे डेटा बाहेर द्यायची खिडकी. हे चारही अँड्रॉइड मॅनिफेस्ट नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये जाहीर करतात, फक्त रिसीव्हर मॅनिफेस्टशिवाय चालू ॲपच्या कोडमधूनही नोंदवता येतो. हा अपवाद इथेच लिहून टाका कारण पुढे मर्यादांच्या पानावर तो परत येणार आहे.

मग स्पष्ट लिहा की झडती मॅनिफेस्ट वाचतं, कोड वाचत नाही (तुमचं वाचत असेल तर तसं लिहा). आणि आयफोनच्या ॲपसाठी हे टूल नाही हेही लिहा, कारण तिकडे हे चार प्रकार नसतात, तिकडे यूआरएल स्कीम, ॲप एक्स्टेन्शन अशी वेगळी रचना आहे आणि 'मोबाइल ॲप तपासणारं टूल' एवढंच वाचून कोणीतरी आयपीए (आयफोन ॲपची) फाइल घेऊन येतोच.

फाइल वाचणं आणि फोन वाचणं यातला फरकही इथेच सांगा. एपीके फाइल ही मुळात झिप असते आणि तिच्यातला मॅनिफेस्ट साधा टेक्स्ट नसतो, बायनरी एक्सएमएल असतो, म्हणून नुसतं अनझिप करून एडिटरमध्ये उघडलं तर काही कळत नाही, टूल लागतं ते यासाठी. फोनवरून वाचताना मात्र फोनची सिस्टम जे सांगेल ते दिसतं, त्यात कुठला कंपोनंट आत्ता बंद केलेला आहे हेही कळतं, जे फाइलवरून कळत नाही. दोन्हींचे निकाल वेगळे येऊ शकतात, आणि आधीच सांगून ठेवलं नाही तर लोक त्याला बग समजून तक्रार करतात.

मग एक डेमो ॲप बनवा, त्याशिवाय लिहायला बसू नका

ही पायरी लोक गाळतात आणि कुठल्यातरी प्रसिद्ध ॲपचं आउटपुट नमुना म्हणून चिकटवतात. असं करू नका. एकतर ते ॲप पुढच्या महिन्यात बदलतं आणि तुमचा नमुना खोटा ठरतो, दुसरं म्हणजे दुसऱ्याच्या ॲपचे उघडे कंपोनंट तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जाहीर होतात, हे बरोबर नाही.

स्वतःचं छोटंसं ॲप लिहा, काही काम करत नसलं तरी चालेल, फक्त त्याच्या मॅनिफेस्टमध्ये मुद्दाम सगळे प्रकार भरा. लाँचरमधून, म्हणजे होम स्क्रीनवरच्या आयकॉनवरून, उघडणारी एक ॲक्टिव्हिटी. कुठलीही परमिशन न लावता उघडी ठेवलेली दुसरी. सिग्नेचर परमिशन लावलेली तिसरी. बाहेरून बंद असलेली एक सर्व्हिस. फोन चालू झाल्याचा ब्रॉडकास्ट ऐकणारा रिसीव्हर, आणि सोबत फक्त कोडमधून नोंदवलेला एक रिसीव्हर जो एपीके वाचताना टूलला दिसणारच नाही. एक प्रोव्हायडर ज्याच्या वाचण्यावर परमिशन आहे पण लिहिण्यावर नाही. एक ॲक्टिव्हिटी एलियस, म्हणजे एखाद्या ॲक्टिव्हिटीला दिलेलं दुसरं नाव. सुरुवातीपासून बंद (डिसेबल्ड) ठेवलेला एक कंपोनंट. आणि एखादी नेहमीची लायब्ररी, उदाहरणार्थ पडद्यामागची कामं चालवणारी वर्कमॅनेजर, जी बिल्डच्या वेळी स्वतःच्या सर्व्हिस आणि रिसीव्हर गुपचूप मॅनिफेस्टमध्ये मिसळते.

या एका ॲपवर अख्खं डॉक्युमेंटेशन उभं राहतं. प्रत्येक पानावरचं उदाहरण याच ॲपचं, म्हणजे वाचणाऱ्याला दर पानावर नवीन नावं लक्षात ठेवावी लागत नाहीत, आणि तो एपीके उतरवून घेऊन स्वतः तेच आउटपुट आणून बघू शकतो. नावंही अशी द्या की नावावरून कळेल, 'उघडीॲक्टिव्हिटी', 'कुलूपवालीॲक्टिव्हिटी' असं काहीतरी.

आता मुख्य काम: आउटपुटची एकेक फील्ड

डेमो ॲपवर टूल चालवा, आलेलं आउटपुट जसंच्या तसं पेस्ट करा आणि प्रत्येक फील्डला चार गोष्टी लिहा: हे काय आहे, किंमती (व्हॅल्यू) कुठल्या येऊ शकतात, ही किंमत टूलने कुठून काढली, आणि यावरून काय समजायचं नाही. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी लिहीत नाही.

एक्सपोर्टेड घ्या. नेहमीचं वाक्य असं असतं: "एक्सपोर्टेड: कंपोनंट एक्सपोर्टेड आहे की नाही ते दाखवतं." याने कोणाला काय कळलं? त्याऐवजी असं काहीतरी लिहा:

"एक्सपोर्टेड: फोनमधल्या दुसऱ्या ॲपला हा कंपोनंट बोलावता येतो का. 'हो, लिहिलेलं' म्हणजे मॅनिफेस्टमध्ये तसं स्पष्ट आहे. 'हो, गृहीत' म्हणजे मॅनिफेस्टमध्ये काही लिहिलेलं नाही, पण अँड्रॉइडच्या नियमाने तो उघडा धरला जातो. उघडा असणं म्हणजे धोका नव्हे. लाँचरमधून सुरू होणारी ॲक्टिव्हिटी उघडी असावीच लागते, नाहीतर ॲप उघडणारच नाही. परमिशन हा रकाना सोबत वाचल्याशिवाय यावरून निष्कर्ष काढू नका."

'लिहिलेलं' आणि 'गृहीत' हा भेद टूलमध्ये नसेल तर डॉक्युमेंटेशन लिहिताना थांबून टूलमध्ये तो आणा, कारण गृहीत धरायचे नियम व्हर्जनप्रमाणे बदललेले आहेत. इंटेंट फिल्टर (कुठल्या इंटेंटला, म्हणजे 'हे काम करा' अशा निरोपाला, कंपोनंट प्रतिसाद देतो ते सांगणारा टॅग) असलेली ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस किंवा रिसीव्हर आधी आपोआप उघडी धरली जायची. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं तेव्हापासून, टार्गेट एसडीके (ॲप कुठल्या अँड्रॉइड व्हर्जनसाठी बनवलंय तो आकडा) ३१ किंवा वर असेल आणि फिल्टर असेल तर एक्सपोर्टेडची किंमत स्पष्ट लिहावीच लागते, नाहीतर अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर ॲप इन्स्टॉलच होत नाही. प्रोव्हायडरचा नियम त्याहून जुना, एपीआय (अँड्रॉइड व्हर्जनचा क्रमांक) १६ पर्यंत काही न लिहिता उघडा, १७ पासून काही न लिहिता बंद. हे नियम 'गृहीत किंमत कशी ठरते' अशा एका वेगळ्या पानावर ठेवा आणि फील्डच्या वर्णनातून तिकडे लिंक द्या. प्रत्येक फील्डमध्ये परत परत लिहू नका, व्हर्जन बदललं की एका ठिकाणी दुरुस्त होतं आणि दुसऱ्या ठिकाणी राहून जातं.

परमिशनचा रकाना त्याहून नाजूक आहे, इथे जास्त जागा द्या. परमिशनचं नाव दाखवणं पुरेसं नाही, तिची प्रोटेक्शन लेव्हल, म्हणजे ती कोणाला मिळू शकते ते, दाखवायला हवी. लेव्हल नॉर्मल असेल तर कुठलंही ॲप ती मागून इन्स्टॉलच्या वेळी आपोआप मिळवतं, म्हणजे दाराला कडी आहे पण कडी बाहेरच्या बाजूने आहे. सिग्नेचर असेल तर परमिशन बनवणाऱ्या ॲपच्याच किल्लीने सही केलेल्या ॲपलाच मिळते, ते खरं संरक्षण. आणि मॅनिफेस्टमध्ये नवीन परमिशन बनवताना लेव्हल लिहायची राहिली तर ती नॉर्मल धरली जाते, हे वाक्य तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जाड अक्षरात असू द्या.

मग येते 'अज्ञात' ही किंमत. समजा कंपोनंटवर एक परमिशन लावली आहे पण ती परमिशन या एपीकेमध्ये कुठे बनवलेलीच नाही. याची कारणं वेगवेगळी असू शकतात. ती सिस्टमची किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या ॲपने बनवलेली असेल, किंवा डेव्हलपरने स्पेलिंग चुकवलं असेल. स्पेलिंग चुकलं असेल तर प्रकरण गंभीर आहे, कारण ती परमिशन फोनवर कोणाचीच नसते आणि एखादं वाईट ॲप नेमक्या त्याच चुकीच्या नावाने ती स्वतः बनवून, नॉर्मल लेव्हल देऊन, स्वतःला मिळवून घेऊ शकतं. नुसती फाइल वाचणाऱ्या टूलला यातलं कुठलं कारण खरं ते सांगता येत नाही. म्हणून 'अज्ञात' दिसलं की पुढे काय करायचं ते पायऱ्यांमध्ये लिहा: आधी सिस्टमच्या परमिशनच्या यादीत नाव शोधा, नाही सापडलं तर मॅनिफेस्टमधल्या बाकीच्या परमिशनच्या नावांशी अक्षर न अक्षर ताडून बघा, मग ज्या फोनवर कंपनीची सगळी ॲप आहेत तिथे टूल परत चालवा. वाचणाऱ्याला 'अज्ञात' म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक, कंपोनंटवर परमिशन लिहिलेली नसली तरी ॲप्लिकेशन टॅगवर लिहिलेली असू शकते आणि ती खालच्या सगळ्यांना लागू होते. टूल ती धरतं का? धरत असेल तर आउटपुटमध्ये 'वारसाने' असं काही दिसतं का? दिसत नसेल तर लोक म्हणणार की मॅनिफेस्टमध्ये तर परमिशन नाहीच, तुमचं टूल खोटं बोलतंय.

प्रोव्हायडरला वेगळं पान द्या, बाकी तिघांच्या रांगेत बसवू नका. त्याला वाचण्याची परमिशन वेगळी, लिहिण्याची वेगळी, दोन्हींसाठी एकत्र लावायची तिसरी, वर पाथप्रमाणे वेगळे नियम आणि शिवाय एखाद्या डेटाच्या पत्त्यापुरती (यूआरआय) तात्पुरती परमिशन द्यायची सोय. वाचण्याची किंवा लिहिण्याची वेगळी परमिशन लिहिलेली असेल तर ती एकत्रवालीपेक्षा वरचढ ठरते. डेमो ॲपमधला तो वाचायला कुलूप आणि लिहायला मोकळा प्रोव्हायडर इथे कामाला येतो, त्याचं आउटपुट दाखवा आणि लिहा की एकाच रकान्यात 'परमिशन: आहे' असं दिसलं असतं तर हा प्रकार निसटला असता, म्हणून झडती दोन रकाने दाखवतं.

'कुठून आला' हा रकाना असेल तर तो कसा ठरवला तेही सांगा. बिल्डच्या वेळी लायब्ररींचे मॅनिफेस्ट ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये मिसळले जातात आणि तयार एपीकेमध्ये कुठला टॅग कोणी आणला याची खूण उरत नाही. टूल बहुधा क्लासच्या नावाची सुरुवात बघून अंदाज बांधतं. तर मग 'अंदाजे' असं स्पष्ट म्हणा. ज्याच्याकडे सोर्स आहे त्याला सांगा की बिल्डच्या आउटपुट फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट मर्जरचा लॉग असतो, त्यात नक्की उत्तर मिळतं.

पहिल्या दहा मिनिटांचं पान

हे छोटं ठेवा. काय काय आधीपासून लागतं, टूल कसं बसवायचं, डेमो एपीके कुठून घ्यायचा, एक कमांड, आणि येणारं आउटपुट. एवढंच. या पानावर फ्लॅग समजावू नका, पर्याय देऊ नका, 'असंही करता येतं' नको. प्रत्येक कमांडखाली काय दिसायला हवं ते लिहा म्हणजे चुकलं तर त्याला त्याच पायरीवर कळेल, पाच पायऱ्या पुढे गेल्यावर नाही. विंडोज, मॅक, लिनक्स यांच्या कमांड वेगळ्या असतील तर तिन्ही एकाच परिच्छेदात कोंबू नका.

शेवटी वाचणाऱ्याने स्वतः निकाल वाचावा असं एक छोटं काम द्या, जसं की 'या आउटपुटमध्ये परमिशनशिवाय उघडा असलेला कंपोनंट शोधा', आणि उत्तर खाली लिहा. इथपर्यंत पोचलेला माणूस पुढचं डॉक्युमेंटेशन वाचतो.

फोन जोडून चालवायचं पान

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात आणि त्यात तुमच्या टूलचा दोष बहुतेक नसतो, तरी उत्तर तुमच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये शोधतात, त्यामुळे लिहावंच लागतं. डेव्हलपर ऑप्शन चालू करणं, यूएसबी डीबगिंग, फोनवर येणारी परवानगीची विंडो, अँड्रॉइड ११ पासून मिळणारं वायरलेस डीबगिंग. एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनशी बोलणारं टूल) 'अनऑथराइज्ड' म्हणालं तर फोन अनलॉक करून ती विंडो शोधा. एकापेक्षा जास्त डिव्हाइस जोडलेले असतील, आणि एमुलेटर चालू राहिलेला असला तरी तो मोजला जातो, तर सिरीयल नंबर कुठल्या फ्लॅगने द्यायचा. फोनवर वर्क प्रोफाइल असेल तर कुठला युजर वाचला जातो.

टूल स्वतःच फोनवरचं ॲप असेल तर पॅकेज व्हिजिबिलिटीबद्दल लिहा. अँड्रॉइड ११ म्हणजे एपीआय ३० टार्गेट केलं की एका ॲपला फोनमधली बाकीची सगळी ॲप आपोआप दिसत नाहीत, मॅनिफेस्टमध्ये क्वेरीज टॅगने सांगावं लागतं किंवा सगळी पॅकेजं बघायची खास परमिशन घ्यावी लागते, आणि ती परमिशन वापरायला गूगल प्लेवर बंधनं आहेत. यादीत एखादं ॲप का दिसत नाही याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं. दुसरी अडचण म्हणजे मोठ्या ॲपचे चारही प्रकारचे कंपोनंट एकाच कॉलमध्ये मागितले की बाइंडरच्या (प्रोसेसमधून प्रोसेसमध्ये माहिती नेणाऱ्या यंत्रणेच्या) मर्यादेला धडक बसू शकते, ती जागा एका प्रोसेसला साधारण १ एमबी असते. टूल तुकड्यातुकड्याने मागतं का ते लिहा, म्हणजे एखाद्या मोठ्या ॲपवर 'ट्रान्झॅक्शन टू लार्ज' दिसलं तर वाचणाऱ्याला कारण कळेल.

टूल आतून डंपसिसचं (फोनच्या सिस्टमची आतली माहिती छापणाऱ्या कमांडचं) आउटपुट वाचत असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा, कारण ते आउटपुट माणसांनी वाचायला बनवलेलं आहे, त्याचा फॉरमॅट व्हर्जनप्रमाणे आणि फोनच्या कंपनीप्रमाणे बदलतो. कुठल्या अँड्रॉइड व्हर्जनवर तपासून बघितलंय ती यादी द्या.

नुसतं बघणाऱ्या आणि काहीतरी करणाऱ्या कमांड वेगळ्या पानांवर

यावर मी तडजोड करणार नाही. मॅनिफेस्ट वाचल्याने ॲपला काही होत नाही. पण ॲक्टिव्हिटी उघडून बघणं, सर्व्हिस सुरू करणं, ब्रॉडकास्ट पाठवणं, प्रोव्हायडरमध्ये लिहून बघणं, याने खरा डेटा बदलू शकतो, पुसला जाऊ शकतो. दोन्ही प्रकार एकाच यादीत वर्णानुक्रमे लावले तर वाचणारा कुठली कमांड निरुपद्रवी आणि कुठली नाही हे ओळखणार कसं? वेगळं पान करा, वर पहिल्या ओळीत लिहा की हे फक्त स्वतःच्या ॲपवर किंवा लेखी परवानगी असलेल्या ॲपवर, टेस्ट फोनवर, टेस्ट अकाउंटने करायचं. प्रत्येक कमांडपुढे 'काय बदलू शकतं' आणि 'परत जागेवर कसं आणायचं' हे दोन मुद्दे द्या. परत आणता येत नसेल तर तसं लिहा.

याच पानावर एक गैरसमज दूर करा. एडीबी शेलमधून एखादी गोष्ट उघडली म्हणजे दुसऱ्या ॲपलाही ती उघडता येईल असं नाही. शेल हा वेगळा युजर आहे, त्याच्याकडे अशा परमिशन असतात ज्या साध्या ॲपला मिळत नाहीत, आणि रूट केलेल्या फोनवर किंवा रूट मिळणाऱ्या एमुलेटरवर तर बाहेरून बंद असलेली ॲक्टिव्हिटीसुद्धा उघडते. म्हणून पुरावा हवा असेल तर एक साधं, कुठलीही खास परमिशन नसलेलं टेस्ट ॲप लिहून त्यातून बोलावून बघायचं. हे ॲपही डेमो ॲपच्या शेजारी ठेवून द्या, दहा-बारा ओळींचा कोड असतो, पण रिपोर्ट लिहिणाऱ्याची केवढी तरी चुकीची वाक्यं टळतात.

मर्यादांचं पान, लाजू नका

टूलला काय दिसत नाही ते लिहिलं की टूल कमी दर्जाचं वाटेल अशी भीती असते, म्हणून हे पान एकतर नसतं नाहीतर दोन ओळींचं असतं. मला उलट ज्या टूलचं हे पान भरलेलं आहे त्याच्या निकालावर जास्त भरवसा वाटतो.

कोडमधून नोंदवलेले रिसीव्हर मॅनिफेस्टमध्ये नसतात, त्यामुळे फाइल वाचून दिसत नाहीत, चालू ॲपवर सिस्टमला विचारलं तरच दिसतात आणि तेही त्या क्षणी नोंदवलेले असतील तर. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून मॅनिफेस्टमधल्या रिसीव्हरना बरेचसे इम्प्लिसिट (कुठल्या एका ॲपचं नाव न घेता पाठवलेले) ब्रॉडकास्ट मिळणं बंद झालं, त्यामुळे कोडमधून नोंदवण्याचं प्रमाण वाढलेलं आहे, म्हणजे ही मर्यादा किरकोळ नाही. अँड्रॉइड १४ टार्गेट करणाऱ्या ॲपला असा रिसीव्हर नोंदवताना तो बाहेरच्यांसाठी उघडा आहे की नाही हे सांगावं लागतं, फक्त सिस्टमचे ब्रॉडकास्ट ऐकणाऱ्याला त्यातून सूट आहे, पण ते सांगणं कोडमध्ये होतं, मॅनिफेस्टमध्ये नाही.

कंपोनंटच्या आत कोडने केलेली तपासणी दिसत नाही. उघडी सर्व्हिस आत आल्यावर बोलावणाऱ्याची ओळख तपासून परत पाठवत असेल, तर टूल तिला उघडी म्हणणार आणि ते टूलच्या जागी बरोबर आहे. याच्या उलटही होतं, फोन चालू झाल्याचा ब्रॉडकास्ट फक्त सिस्टमच पाठवू शकते म्हणून तो ऐकणारा रिसीव्हर सुरक्षित वाटतो, पण तो उघडा असेल आणि आलेल्या इंटेंटची ॲक्शन तपासत नसेल तर त्याचं नाव घेऊन थेट इंटेंट पाठवता येतो.

बंद (डिसेबल्ड) ठेवलेले कंपोनंट, ते दिसण्यासाठी पॅकेज मॅनेजरला वेगळा फ्लॅग द्यावा लागतो, टूल देतं का? आणि आजकाल फोनवर एक ॲप म्हणजे बहुधा एकच फाइल नसते, बेस आणि सोबत भाषेचे, स्क्रीनचे, फीचरचे तुकडे असतात. कोणी नुसती बेस फाइल ओढून आणून टूलला दिली तर काय वाचलं जातं आणि काय राहतं ते सांगा, आणि सगळे तुकडे एकदम द्यायची पद्धत लिहा.

कमांड, जेसन आणि एरर

कमांडची यादी शक्यतो टूलच्या स्वतःच्या हेल्पमधूनच आपोआप तयार होऊ द्या, हाताने लिहिलेली यादी मागे पडते. प्रत्येक फ्लॅगला डीफॉल्ट किंमत हवी. एक्झिट कोड (टूल संपताना देतं तो आकडा) विसरू नका, लोक असं टूल बिल्ड पाइपलाइनमध्ये लावतात आणि तिथे 'टूल नीट चाललं पण उघडे कंपोनंट सापडले' आणि 'टूलच पडलं' यांना एकच कोड असेल तर पाइपलाइनला फरक कळत नाही.

जेसन (दुसऱ्या प्रोग्रामने वाचायच्या) आउटपुटमध्ये फॉरमॅटचा व्हर्जन नंबर ठेवा आणि कुठली फील्ड कायम राहील, कुठली बदलू शकते ते लिहा. एखादी फील्ड नसणं, तिची किंमत नल असणं आणि ती फॉल्स असणं, या तिन्हींचे अर्थ वेगळे असतील तर ते वेगळे लिहून द्या. परमिशनच्या बाबतीत 'नाही' आणि 'माहीत नाही' यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

एररच्या पानावर एरर जशी दिसते तशीच्या तशी लिहा, शब्द न बदलता, कारण लोक ती कॉपी करूनच शोधतात. खाली कारण आणि उपाय. एकाच एररची दोन कारणं असतील तर ओळखायचं कसं ते आधी. रिपोर्टमध्ये ॲपची आतली नावं, पाथ, ऑथॉरिटी (प्रोव्हायडरची ओळख) असतात, म्हणून मदत मागताना रिपोर्ट जाहीरपणे चिकटवण्याआधी ती झाकायचा फ्लॅग असेल तर तो याच पानावर सांगा. नसेल तर काय काय हाताने पुसायचं ते लिहा.

लिहून झाल्यावर

डॉक्युमेंटेशनमधली प्रत्येक कमांड टूलच्या टेस्टबरोबर आपोआप चालवा आणि येणारं आउटपुट डॉक्युमेंटेशनमधल्या नमुन्याशी ताडून बघा. डेमो एपीके हातात असल्यामुळे हे अवघड नाही. टूलमध्ये कोणी रकान्याचं नाव बदललं की टेस्ट पडते आणि पान दुरुस्त केल्याशिवाय बदल आत जात नाही. डॉक्युमेंटेशन टूलच्याच रिपॉझिटरीत ठेवा, वेगळ्या ठिकाणी ठेवलं की दोघांची फारकत व्हायला वेळ लागत नाही.

मग टूल कधी न पाहिलेल्या एखाद्या डेव्हलपरला शेजारी बसवा, डेमो एपीके द्या आणि सांगा की यातला सगळ्यात धोक्याचा कंपोनंट कुठला ते डॉक्युमेंटेशन वाचून सांग. तुम्ही बोलू नका. तो कुठल्या ओळीवर थांबतो, कुठलं पान दोनदा उघडतो, कुठे शोधून सापडत नाही, ते टिपून घ्या. तो लाँचरवाल्या ॲक्टिव्हिटीकडे बोट दाखवत असेल तर एक्सपोर्टेडचं वर्णन परत लिहा. वाचायला कुलूप, लिहायला मोकळा असलेला प्रोव्हायडर त्याच्या नजरेतून सुटला तर परमिशनचं पान परत लिहा.

दरवर्षी अँड्रॉइडचं नवीन व्हर्जन येतं तेव्हा त्याच्या बदलांच्या यादीत एक्सपोर्टेड, इंटेंट, ब्रॉडकास्ट, परमिशन आणि पॅकेज व्हिजिबिलिटी एवढे शब्द शोधा. काही सापडलं तर 'गृहीत किंमत कशी ठरते', फोनचं पान आणि मर्यादांचं पान ही तीन पानं आधी उघडा, डेमो ॲपचं टार्गेट एसडीके वाढवून बिल्ड करा, जुना आणि नवीन असे दोन्ही एपीके ठेवा, आणि दोन्हींचं आउटपुट शेजारी-शेजारी लावून फरक बदलांच्या नोंदीत लिहून टाका.